बाहेर गुरं मरत होती, त्याचं काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तीन आठवड्यांपूर्वी तुमच्या रविवारच्या पुरवणीत एका इंग्लिश कादंबरीवर लिहून आलं होतं, अमेरिकेतल्या मॉन्टाना राज्यातला काउबॉय, बोस्टनहून आलेली मुलगी, बर्फात अडकलेलं घर, "एका बैठकीत वाचून होते" असं लिहिलं होतं. ते वाचून मी पुस्तक मागवलं, साडेचारशे रुपये, आणि कुरिअरवाला आमच्या वस्तीपर्यंत येत नाही म्हणून फाट्यावर जाऊन घेऊन आले. मग मागच्या रविवारी त्याच पुस्तकावर एका वाचकाचं पत्र तुम्ही छापलंत की असल्या लव्हस्टोऱ्या म्हणजे बायकांचा टाइमपास, त्यांच्याकडून अपेक्षा कसली ठेवायची, पेपरची जागा कशाला घालवता. मला ज्यांनी कौतुक केलं त्यांच्याशीही बोलायचंय आणि ज्यांनी हे पत्र लिहिलं त्यांच्याशीही, म्हणून लिहितेय. पत्र लांबणार आहे, जमलं तर पूर्ण छापा. पुस्तकाचं नि लेखिकेचं नाव मुद्दाम लिहीत नाही, पुरवणी वाचलेल्यांना कळेलच आणि मला कुणाची बदनामी करायची नाहीये.

मी आटपाडी तालुक्यातली. गोठ्यात आज नऊ दुभत्या एचएफ (होल्स्टीन) गाई आहेत, दोन खिलार, कालवडी वेगळ्या. लग्नाआधी मिरजेला बीए इंग्लिश करत होते तेव्हा स्टँडजवळ एक सर्क्युलेटिंग लायब्ररी होती, रुपया रोज भाडं, आणि तिथे या वेस्टर्न रोमान्सचं, म्हणजे अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या गुराख्यांच्या प्रेमकथांचं, एक अख्खं कपाट होतं. पानं पिवळी पडलेली, शेवटच्या पानावर आधीच्या वाचणारणींनी पेन्सिलने बारीक खुणा केलेल्या, म्हणजे हे आपण वाचलंय हे पुढच्या वेळी लक्षात यावं. बहुतेक सगळी मी वाचली. शहरातल्या प्रेमकथांमधे माणसं पार्टीत भेटतात, हॉटेलात जेवायला जातात, आणि या पुस्तकांमधे माणसं कामात भेटायची. कुणीतरी कुंपण दुरुस्त करतंय, कुणी घोड्याचा नाल बघतंय, कुणी पाणी ओढतंय, आणि त्यातच एकाचं दुसऱ्याकडे लक्ष जातं. शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या मुलीला हे लगेच पटतं हो, आमच्याकडे कोण कुणाला पार्टीत भेटतं.

त्या पुस्तकांमुळेच मला तिकडचं खरं काय ते वाचायची सवय लागली, मग लायब्ररीतून आणि पुढे मोबाईलवरून इतिहासही वाचत गेले. १८६६ नंतरची वीसेक वर्षं टेक्सासमधून हजारो हजारो गुरं चालवत वर कॅन्ससच्या रेल्वे स्टेशनापर्यंत न्यायचे, एका कळपात दोन-तीन हजार जनावर आणि त्यामागे दहा-बारा माणसं, दिवसाला दहा-पंधरा मैलच चालवायचे कारण जास्त पळवलं तर वजन उतरतं आणि बाजारात भाव पडतो. पगार महिन्याला तीस-चाळीस डॉलर, घोडे मालकाचे, स्वतःचं काय तर खोगीर. रात्री दोघं जण कळपाभोवती उलट्या दिशांनी घोड्यावरून फिरत राहायचे आणि फिरताना गाणी म्हणायचे, कारण अंधारात अचानक आवाज झाला की कळप उधळतो, पण ओळखीचा आवाज सतत कानावर असला की जनावर शांत बसतं. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक खाली ठेवून बसले होते. कारण आम्हीही अंधारात गोठ्यात शिरताना आधी आवाज देतो, हां हां मीच आहे गं, म्हणतच आत जातो, नाहीतर म्हैस बिचकून लाथ घालते. दीडशे वर्षांपूर्वीचा तो अनोळखी मुलगा आणि माझी आजेसासू, दोघांना एकच गोष्ट माहीत होती.

आता कादंबरीकडे येते. सुरुवात चांगली आहे आणि ते मी मोकळेपणाने सांगते. १८८६ चा उन्हाळा, मॉन्टानामधला एक रँचवाला, म्हणजे मोठ्या माळावर गुरं पाळणारा, पेपरमधे लग्नाची जाहिरात देतो आणि बोस्टनमधल्या गिरणीत काम करणारी बावीस वर्षांची मुलगी त्याला पत्र लिहिते. हे अगदी खरं आहे, तिकडे पश्चिमेला पुरुष जास्त आणि बायका कमी, म्हणून नुसत्या लग्नाच्या जाहिरातींचे पेपर निघायचे. तुमच्याही पेपरमधे रविवारी ते पान असतं, मुलगा शेती आठ एकर बागायत वगैरे, त्यामुळे ती जाहिरात वाचताना मला सगळं घरचंच वाटलं, काय लिहायचं, काय लपवायचं, फोटो पाठवायचा की नाही. ती आपल्या हातावरचे गिरणीतले चट्टे लपवायला फोटोसाठी हातमोजे घालते, हे तर फार सुंदर लिहिलंय. ती साठ पानं मी खरंच एका बैठकीत वाचली.

मग ती तिथे पोचते आणि तिला कळतं की स्वतःच्या नावावर जमीन मिळू शकते. हेही खरं. लिंकन अध्यक्ष असताना १८६२ मधे होमस्टेड कायदा झाला, एकवीस वर्षांवरच्या कुणालाही १६० एकर, थोडीशी फी भरायची, पाच वर्षं तिथे राहायचं, घर बांधायचं, जमीन कसायची, मग ती तुमची. एकट्या बाईलासुद्धा, विधवेलासुद्धा. पण नवऱ्याबरोबर नांदणाऱ्या बाईला साधारणपणे स्वतःच्या नावाने अर्ज करता यायचा नाही. म्हणजे आधी अर्ज की आधी लग्न हा त्या मुलीसमोर खराखुरा प्रश्न होता! खऱ्या बायकांनी हा प्रश्न सोडवलाय पण. एलिनोर प्रुइट स्टुअर्ट म्हणून एक होती, डेन्व्हरमधे लोकांचे कपडे धुवायची, पदरात लहान मुलगी, १९०९ मधे ती वायोमिंगला एका रँचवाल्याकडे घर सांभाळायला गेली, तिथे स्वतःच्या नावाने जमिनीचा अर्ज केला आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत त्याच रँचवाल्याशी लग्न केलं. तिने आपल्या जुन्या मालकिणीला लिहिलेली पत्रं छापून आलीत, कुणाला मिळाली तर जरूर वाचा. मी असं धरून चालले होते की आता ही कादंबरी या वळणावर थांबेल, ती मुलगी रात्रभर विचार करेल. आपल्याकडे सातबाऱ्यावर बाईचं नाव लागायला काय काय होतं ते मला माहितीये. शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्तीच्या वेळी माझ्या सासऱ्यांनी सासूबाईंच्या नावावर दीड एकर केली, तो उतारा सासूबाईंनी प्लास्टिकच्या पिशवीत घालून देवघरात ठेवलाय, अजून आहे. जमिनीचा कागद म्हणजे काय असतो हे ज्या बाईला कळतं तिला हा प्रसंग सांगायची गरज नाही. आणि कादंबरीत काय होतं? हिरो म्हणतो माझं आहे ते सगळं तुझंच आहे, ती रडते, तो अर्ज फाडते, आणि पुढच्या अडीचशे पानांत जमिनीचा विषय परत निघत नाही. तो अर्ज फाडला ना तिने, तिथे माझा पहिला हिरमोड झाला.

पण मला मुख्य बोलायचंय ते हिवाळ्याबद्दल.

लेखिकेने गोष्ट घातलीये १८८६ च्या उन्हाळ्यापासून १८८७ च्या मे महिन्यापर्यंत. ज्यांना गुरांचा इतिहास माहीत आहे त्यांना हे साल नुसतं वाचलं तरी पोटात कालवतं. तिकडचा सगळ्यात मोठा गुरांचा मृत्यू त्याच हिवाळ्यात झाला, मॉन्टाना, वायोमिंग, डाकोटा सगळीकडे. त्याआधी काही वर्षं इंग्लंड, स्कॉटलंड, बोस्टन कुठून कुठून पैसा आला होता, मोकळ्या माळावर गुरं सोडायची, चाऱ्याचा खर्च नाही, दोन वर्षांनी विकायची, म्हणून माळाला झेपतील त्यापेक्षा कितीतरी जास्त गुरं सोडून ठेवलेली. १८८६ चा उन्हाळा कोरडा गेला, गवत आधीच संपलेलं. नोव्हेंबरपासून बर्फ पडायला लागला. मधे जरा ऊब येऊन वरचा बर्फ वितळला आणि लगेच परत गोठला, म्हणजे गवतावर काचेसारखा थर झाला. घोडा खुराने बर्फ उकरून खालचं गवत खातो, गाय तसं उकरत नाही, ती तोंडाने ढकलून बघते. त्या काचेवर त्यांची नाकं फाटली, पाय कापले. जानेवारीच्या शेवटी मोठं वादळ आलं. वादळात गाय वाऱ्याकडे पाठ करून चालायला लागते आणि चालतच राहते, जिथे काटेरी तारेचं कुंपण लागेल तिथे अडते, मागून दुसरी येऊन तिच्यावर पडते, अशा कुंपणाच्या कडेने राशीच्या राशी झाल्या होत्या. उपाशी गुरं वस्तीत येऊन घरांच्या भिंतींशी उभी राहायची. वसंतात बर्फ वितळला तेव्हा नद्यांमधून मेलेली गुरं वाहत जाताना लोकांनी पाहिली. काही रँचवर निम्म्याहून जास्त कळप गेला. थिओडोर रुझवेल्ट, जे पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झाले, त्यांची डाकोटात गुरं होती, त्यांचाही अर्ध्याच्या वर कळप त्या हिवाळ्यात गेला.

आणि चार्ली रसेल नावाचा एक तरुण मॉन्टानात एका कळपाची राखण करत होता. मालकाने विचारलं गुरं कशी आहेत, तर पत्रातून काय लिहायचं हे सुचेना म्हणून म्हणे त्याने पोस्टकार्डाएवढ्या कागदावर एक चित्र काढून पाठवलं. एकच गाय, बर्फात उभी, हाडं वर आलेली, मान खाली, आणि कडेला लांडगे वाट बघतायत. ते चित्र इंटरनेटवर बघायला मिळतं. मी ते पहिल्यांदा पाहिलं ते २०१३ नंतर, आणि मला त्या गाईची पाठ बघून एकदम आमची छावणी आठवली.

२०१३ च्या उन्हाळ्यात आम्ही सगळी जनावरं घेऊन चारा छावणीत होतो, तीन महिने. मोजून ऊस मिळायचा, नुसता ऊस खाऊन जनावरांची तोंडं यायची, जिभेवर फोड. उपाशी जनावर कसं असतं हे पुस्तकात लिहून समजणार नाही पण तरी सांगते, आधी ते ओरडतं, मग ओरडणं थांबतं, मग रवंथ थांबतो. रात्री छावणीत झोपल्यावर हजार जनावरांच्या रवंथाचा आवाज ऐकायची सवय झालेली असते, आणि एखाद्या रात्री तो आवाज कमी वाटला की माणूस उठून बसतो. आमचे हे रात्री दोन-तीनदा उठून आमच्या दावणीला जाऊन प्रत्येकीच्या पाठीवर हात ठेवून यायचे. माझ्या सासूबाई ७२ चा दुष्काळ सांगतात, तेव्हा खडी फोडायला जायच्या, रेशनला अमेरिकेचा मिलो, म्हणजे तांबडी ज्वारी, यायचा, पण मिलो माणसांना होता, गुरांना काय, त्यांच्या वडिलांनी बैलजोडी दावं सोडून रानात घालवून दिली होती आणि आठ दिवसांनी त्यातला एक बैल परत दारात येऊन उभा राहिला. ही गोष्ट सासूबाई पन्नास वर्षांनीही पूर्ण सांगू शकत नाहीत, दारापर्यंत येतात आणि थांबतात.

तर अशा हिवाळ्यात ही कादंबरी घडते. आणि त्यातल्या हिरो-हिरॉईनला बर्फामुळे लाकडी घरात अडकून पडायला मिळतं म्हणून ते खुश आहेत. सलग ब्याऐंशी पानं. शेकोटी आहे, कॉफी आहे, रजई आहे, त्याचे निळे डोळे किती वेळा आलेत ते मी मोजलं नाही पण खूप वेळा आलेत. बाराशे गुरांचा मालक आहे तो, आणि बाहेर उणे चाळीस थंडी असताना ब्याऐंशी पानांत तो एकदाही दार उघडून बाहेर बघत नाही. एकदाही नाही! मी दोनदा ती पानं परत चाळून बघितली, मला वाटलं माझ्याकडून राहिलं असेल. त्या काळात हिवाळ्यात रँचच्या हद्दीवर छोट्या खोपटात दोन-दोन गडी राहायचे, भरकटणारी गुरं वळवून परत आणायला, त्यातल्या कुणाचा उल्लेखसुद्धा नाही. मार्चमधे चिनूक सुटतो, म्हणजे रॉकी पर्वतावरून खाली येणारा गरम वारा, बघता बघता बर्फ वितळवतो तो, त्याचं वर्णन आहे आणि छान आहे, पण त्या वितळलेल्या बर्फाखालून काय निघालं? कादंबरीत हिरवं गवत निघतं. आणि त्यावर "तुकतुकीत" कळप चरतोय. आणि मे महिन्यात हा माणूस तिला हेलेना शहरातून आणलेली हिऱ्याची अंगठी घालतो. त्या साली मोठमोठ्या कंपन्या बुडाल्या हो, बँका कर्ज मागत होत्या, एवढी बाराशे गुरं कुणाची वाचली आणि अंगठीचे पैसे कुठून आले?

मला माहितीये यावर लोक काय म्हणतील, ही प्रेमकथा आहे, इतिहासाचं पुस्तक नाही. तारखा चुकल्या म्हणून मी रागावले नाहीये. कुणी एखाद्या वर्षाने पुढेमागे केलं तर मी वाचून सोडून देते. मी रागावलेय कारण त्या दोघांचं प्रेम मला पटलंच नाही, आणि न पटण्याचं कारण तो बंद दरवाजा आहे. जो माणूस आपली गुरं मरताना आत बसून राहतो तो तिच्यावर तरी काय माया करणार? आणि जी बाई त्याला एकदाही विचारत नाही की अहो बाहेर काय चाललंय, तिला त्या घराशी काय घेणं आहे? लेखिकेकडे केवढा मोठा प्रसंग हातात होता. दोघं मिळून गवताची गंजी उकरतायत, एखादी गाय घरात आणतायत, तो हरलाय, त्याला वाटतंय या मुलीला मी कुठे आणून टाकलं, आणि ती जात नाही. मॉन्टानातले एक मोठे गुरांचे मालक होते ग्रॅनव्हिल स्टुअर्ट, ते त्या हिवाळ्यानंतर म्हणाले की ज्या जनावराला मी खायला आणि निवारा देऊ शकत नाही ते यापुढे मला पाळायचंच नाही. त्यानंतरच तिकडे लोक चारा कापून साठवायला लागले, कळप लहान ठेवायला लागले. हे वाक्य एखाद्या हिरोच्या तोंडी असतं तर मी त्याच्या प्रेमात पडले असते, खरं सांगते.

आता वासराचा प्रसंग. पुरवणीत त्याचं खास कौतुक होतं म्हणून लिहिते. फेब्रुवारीत घरची दुभती गाय अडते, वासरू बाहेर येईना, हिरो म्हणतो तू बाजूला हो, आणि पाच ओळींत वासरू ओढून काढतो, वासरू पांढरंशुभ्र, मऊमऊ, लगेच उठून उभं राहतं, ती टाळ्या वाजवते आणि दोघं गोठ्यातच एकमेकांच्या मिठीत. कोरडं वासरू जन्माला आलेलं मी तरी कधी बघितलं नाही.

आमच्याकडे २००६ च्या जानेवारीत एक पहिलारू कालवड अशीच अडली होती. लग्नाला दीड वर्ष झालेलं. रात्री दोनची वेळ, डॉक्टर वीस किलोमीटरवर आणि फोन लागेना. पाणमोट फुटून दीड तास झालेला आणि बाहेर एकच पाय दिसत होता. सरळ असलं की दोन पाय आणि त्यावर टेकलेलं तोंड असं येतं. ह्यांचा हात मोठा, कालवड लहान चणीची, हात जाईना. मग मी कोपरापर्यंत साबणाने धुऊन खोबरेल तेल लावून हात घातला. आत दुसरा पाय गुडघ्यात दुमडून मागे गेलेला लागला. कळ आली की वासराच्या आणि हाडाच्या मधे हातावर अशी पकड बसते की बोटं बधिर होतात, तेव्हा नुसतं थांबायचं, कळ ओसरली की वासरू हळू मागे ढकलायचं, खूर तळहातात झाकून घ्यायचा म्हणजे पिशवी फाटत नाही, आणि पाय पुढे घ्यायचा. हे मला तेव्हा कुणी शिकवलेलं नव्हतं, हे बाजूला कंदील धरून उभे होते आणि त्यांच्या वडिलांना करताना बघितलेलं एकेक सांगत होते, मी करत होते. तीन वेळा पाय निसटला. मग मऊ दोरी लावली आणि तिच्या कळेबरोबर दोघांनी खालच्या अंगाला ओढलं. वासरू आलं ते निळसर, चिकट, हलेना. ह्यांनी नाकातोंडातला चिकटा बोटाने काढला, गवताची काडी नाकात फिरवली, मी पोत्याने छाती चोळत राहिले. मग ते शिंकलं. ती शिंक मला अजून आठवते. कालवड वळून चाटायला लागली. आम्ही दोघं तसेच शेणात बसून राहिलो.

त्यानंतर ह्यांनी चुलीवर पाणी तापवलं, बादली आणली आणि माझा हात धरून त्यावर तांब्याने हळूहळू पाणी घालत बसले. कोपरापासून मनगटापर्यंत हात काळानिळा पडलेला. दीड वर्षात घरातलं, शेतातलं, दुधाच्या बिलाचं याशिवाय आम्ही दोघं फारसं कधी बोललो नव्हतो, ठरवून झालेलं लग्न, घरात माणसं दहा. ते म्हणाले, दुखतंय का. मी म्हटलं, नाही. ते म्हणाले, दुखत असणार. आणि परत पाणी घालायला लागले. सकाळी वार पडली, चीक काढला, सासूबाईंनी खरवस केला, आणि ह्यांनी आपल्या वाटीतला अर्धा माझ्या वाटीत घातला, सगळ्यांसमोर. माझ्या संसाराची सुरुवात मी त्या रात्रीपासून धरते, लग्नाच्या तारखेपासून नाही.

म्हणून मागच्या आठवड्याच्या पत्रलेखकांना मला सांगायचंय, साहेब, हा टाइमपास नाहीये. प्रेम कसं होतं हे कुणीतरी नीट लिहावं एवढीच आमची अपेक्षा असते आणि ती मोठी अपेक्षा आहे. तुम्ही म्हणता अपेक्षा ठेवू नका, मग खराब लिहिलेलं आम्ही मुकाट्याने गिळायचं का? एखादी बाई दिवसभर राबून रात्री दहाला पुस्तक हातात घेते तेव्हा ती स्वतःची झोप देत असते त्याला. मिरजेच्या त्या कपाटातली काही पुस्तकं कमी पगाराच्या, कमी नावाच्या लोकांनी लिहिलेली असतील पण त्यात माणूस थकलेला दिसायचा, घामाचा वास यायचा, झाडं नसलेल्या माळावरची बाई वाळलेल्या शेणाच्या गोवऱ्या गोळा करून चूल पेटवताना दिसायची, आधी रेड्यांच्या, मग गुरांच्या. ते रेडे म्हणजे तिकडचे बायसन, जे मारून मारून १८८३ पर्यंत संपवले आणि त्यावर जगणारे तिथले मूळचे ब्लॅकफीट लोक त्याच्या पुढच्या हिवाळ्यात शेकड्याने उपाशी मेले. तोच माळ रिकामा झाला म्हणून तर या हिरोची गुरं तिथे आली. कादंबरीत मात्र एक "इंडियन म्हातारा" आहे, त्याला नावसुद्धा नाही, तो येऊन आभाळाकडे बघून बर्फ पडणार म्हणतो आणि जातो. सगळे काउबॉय गोरे आणि निळ्या डोळ्यांचे, वास्तविक दर चार काउबॉयमधला एक काळा होता असं इतिहासकार सांगतात, आणि लॅसो, रँच, रोडिओ हे शब्दच मुळात मेक्सिकन गुराख्यांचे, स्पॅनिशमधून आलेले. एखाद्या म्हाताऱ्या मेक्सिकन गुराख्याने त्या बोस्टनच्या मुलीला दोर फेकायला शिकवलं असतं तरी पुस्तक किती भरलं असतं.

पुरवणीत लिहिणाऱ्यांना एकच विनंती, तुम्ही साठ पानांपर्यंतचंच कौतुक केलंय, वासराच्या प्रसंगाशिवाय पुढचं काहीच तुमच्या लेखात नाही, आणि तो प्रसंग तर मागच्या कव्हरवरच छापलाय. पूर्ण वाचून लिहा आणि न आवडलेलंही लिहा. तालुक्याच्या गावात पुस्तकाचं दुकान नसतं, चाळून बघून घ्यायची सोय नसते, आम्ही तुमच्या शब्दावर पैसे पाठवतो. साडेचारशे रुपये म्हणजे आमच्या हिशोबात बारा-तेरा लिटर दूध झालं.

आणि वाचकांपैकी कुणाकडे असं वेस्टर्न रोमान्स असेल ज्यात १८८६ चा हिवाळा खरा लिहिलाय, दार उघडून बाहेर जाणारी माणसं आहेत, तर कृपया नाव या सदरात कळवा. या महिन्यात आमच्या दोन कालवडी विणार आहेत, त्या मोकळ्या झाल्या की मला वाचायला वेळ आहे.

आपली,
एक वाचक, आटपाडी तालुका, जि. सांगली